मुखरू पोटावी यांनी मला काहीही शिकविले नाही, हे निवेदन परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव महोदय,
वैनगंगाखोरे विद्यापीठ,
गडचिरोली.

अर्जदार : कु. संघप्रिया अश्वजित उंदिरवाडे, बी.ए. तृतीय वर्ष (सत्र पाचवे), जनजागर कला महाविद्यालय, पिपरबोडी. राहणार मु. करंजटोला, पो. पिपरबोडी, जि. गडचिरोली.

विषय : दि. ११ ऑगस्ट २०२५ रोजी माझ्या सहीने दिलेले निवेदन रद्द करून, महाविद्यालयाचे शिपाई श्री. मुखरू दसरू पोटावी यांचे निलंबन मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे उपरोक्त निवेदन, महाविद्यालय आवक क्र. ४१२.
२) श्री. पोटावी यांचा निलंबन आदेश, दि. १९ ऑगस्ट २०२५.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ मधील सही माझीच आहे. कोणी हात धरून ती करवून घेतलेली नाही. परंतु त्या निवेदनातील मजकूर खोटा आहे. तो खोटा कसा झाला हे सांगण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते, म्हणून अर्ज लांबला आहे. मी तो आधी आखूड लिहून पाहिला होता. आखूड केला की तो पुन्हा त्या निवेदनासारखाच दिसू लागतो. तरी आपण शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

२. मी जुलै २०२३ मध्ये बी.ए. प्रथम वर्षास प्रवेश घेतला. मला अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल हे विषय पाहिजे होते. भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. वरिष्ठ लिपिक श्रीमती इंदुताई भांडेकर यांनी माझ्या अर्जावर भूगोलाच्या जागी भाषाशास्त्र लिहिले. त्या वर्षी हा विषय महाविद्यालयात नव्याने सुरू झाला होता आणि त्याला विद्यार्थी दाखवणे आवश्यक होते, हे मला पुढे कळले. त्या वेळी त्या एवढेच म्हणाल्या, "घेऊन टाक ना वो. भाषा त बोलतेसच, त्याचं शास्त्र काय मोठं रायते!" मी सही केली. इंदुताईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या दिवशी खिडकीपुढे साठ मुले उभी होती.

३. पहिल्या वर्षी आम्ही अकरा विद्यार्थी होतो. तासिका तत्त्वावरील प्रा. प्रणित सर शिकवत असत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, पाऊस आला तर तुमच्या घरी काय म्हणतात? सगळे गप्प राहिले, कारण घरी जे म्हणतो ते वर्गात म्हणायचे नसते असे आम्हाला पहिलीपासून माहीत होते. शेवटी मी म्हणाले, "पाणी आला, असं म्हणतात सर." मुले हसली. सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि विचारले, मग नळाला येते ते? मी म्हणाले, "ते पाणी आलं." सर म्हणाले, म्हणजे तुमच्या बोलीत आभाळातला पाणी पुल्लिंगी आणि नळातले पाणी नपुंसकलिंगी. हा नियम तुम्हाला कोणी शिकवला? कोणीच शिकवलेला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी लोकांचे बोलणे वेगळ्या कानाने ऐकले. तरीही मला हा विषय सोडायचाच होता, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करते. भाषाशास्त्र हा शाळेत शिकवला जाणारा विषय नाही, त्यावर पुढे मास्तरकी मिळत नाही, असे सगळे सांगत होते.

४. द्वितीय वर्षाच्या सुरुवातीला विषय बदलण्याची एकच संधी मिळते. त्याची अंतिम तारीख २० जुलै २०२४ होती. इतर दहाही जणांनी तोवर भूगोल किंवा इतिहास घेतला. माझ्या गावाच्या वाटेवरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, १४ जुलैपासून नऊ दिवस पाण्याखाली होता. मी २३ जुलैला महाविद्यालयात पोहोचले. तेव्हा मी पहिला अर्ज केला. उत्तर आले की, मुदतीनंतर विषय बदलता येत नाही आणि पूर हे कारण नियमावलीत नमूद नाही.

५. ऑगस्टमध्ये प्रणित सरांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही, कारण एका विद्यार्थिनीसाठी अध्यापक नेमता येत नाही. जाताना त्यांनी मला तीन पुस्तके दिली आणि म्हणाले, "एकटी पडलीस. मोठ्याने वाचत जा, म्हणजे झोप लागणार नाही."

म्हणजे मला विषय सोडता येत नव्हता. त्या विषयाला अध्यापक देता येत नव्हता. पंच्याहत्तर टक्के हजेरीशिवाय परीक्षेस बसता येत नव्हते, आणि हजेरी फक्त तासिकेत उपस्थित राहूनच लागते. मी दुसरा अर्ज केला की, या परिस्थितीत मी काय करावे ते कळवावे. "नियमानुसार कार्यवाही करावी," असे उत्तर आले. मा. प्राचार्यांनी तोडगा काढला. वेळापत्रकात १२.३० ते १.१८ ही तासिका भाषाशास्त्राची आहे, तर विद्यार्थिनीने त्या वेळेत खोली क्रमांक नऊमध्ये बसावे, म्हणजे उपस्थिती झाली.

६. महोदय, रिकाम्या वर्गात रोज अठ्ठेचाळीस मिनिटे बसून राहण्याचा अनुभव आपणास नसेल. बाहेर मैत्रिणींचे डबे उघडलेले ऐकू यायचे. मी उठून जाऊ शकत नव्हते, कारण तपासणीच्या फेरीत कोणी मला बाहेर पाहिले तर गैरहजेरी लागली असती. बसून काही होतही नव्हते. पहिले आठ दिवस मी छताच्या पत्र्याचे खिळे मोजले. नवव्या दिवशी रडू आले, म्हणून सरांचे पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागले.

खोली उघडण्याचे आणि बंद करण्याचे काम शिपाई श्री. मुखरू पोटावी यांचे होते. त्यांना महाविद्यालयात सगळे मुखरूभाऊ म्हणतात, यापुढे मीही तसेच लिहिते. ते माडिया आदिवासी आहेत. त्यांची नोकरी एकतीस वर्षे झाली असून शिक्षण चौथीपर्यंत आहे. त्या दिवशी ते व्हरांडा झाडत होते. मी सर्वनामांचा धडा वाचत होते. काही भाषांत 'आम्ही'साठी दोन सर्वनामे असतात, एकात ऐकणारा धरलेला असतो आणि दुसऱ्यात तो वगळलेला असतो, असे त्यात होते. मी ते वाक्य तीनदा वाचले, तरी कळले नाही. मुखरूभाऊ दारात येऊन म्हणाले, "सोपं आहे ना पोरी. साहेब म्हणतेत, आपण व्हरांडा झाडून घेऊ, तवा मी एकटाच झाडतो. साहेब म्हणतेत, आम्ही जेवून येतो, तवा मी इथीच रायतो. आमच्या बोलीत बी असंच आहे, दोन वेगळे शब्द आहेत."

मी पहिल्यांदा त्या खोलीत हसले.

७. त्यानंतर ते रोज आत येऊन बसू लागले. मागच्या बाकावर, हातात फडके घेऊन. मी वाचायची, ते ऐकायचे आणि मध्येच थांबवायचे. लिंगाच्या धड्यात मला कळले की, त्यांच्या बोलीत पुरुष एका गटात आणि बाकी सारे दुसऱ्या गटात असते. मी म्हणाले, "म्हणजे बाई आणि झाड एकाच खात्यात?" ते म्हणाले, "हो ना. काऊन, झाड कमी आहे का?" अनेकवचनाच्या दिवशी त्यांनी पिट्टे म्हणजे पाखरू आणि पिट्टेंग म्हणजे पाखरे असे सांगितले, आणि खिडकीतून दिसेल त्याचे अनेकवचन माझ्याकडून म्हणवून घेतले. माझा उच्चार चुकला की ते तोंड उघडून जीभ कुठे लागते ते दाखवत. चुकलेला शब्द ते कधी सोडून देत नसत. "पुन्यांदा म्हण," म्हणत. घंटा त्यांनाच द्यावी लागत असल्याने आमची तासिका दोन मिनिटे आधी संपायची. ही दोन मिनिटे आपण माझ्या हजेरीतून वजा करू शकता.

तिसऱ्या सत्राच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न होता : आपल्या परिसरातील एका भाषेच्या नामांची रचना स्पष्ट करा. मी पाच पाने लिहिली.

८. आता सहीबाबत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विद्यापीठाने माझा हजेरीपट परत पाठवला, कारण "उपस्थित अध्यापकाची स्वाक्षरी" हा रकाना रिकामा होता. मी इंदुताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "खाना खाली नाई चालत वो. तासिकेले जो हजर होता त्याची सही घे आन् आणून दे." मी म्हणाले, हजर तर मुखरूभाऊ असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "त मंग घे त्याची. कोन पायते तिथं!"

हजेरीपट मी स्वतः मुखरूभाऊंपुढे ठेवला. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "मी सही केली त चालते का?" मी म्हणाले, इंदुताईंनी सांगितले आहे. ते म्हणाले, "खोली उघडते कोन? मी. बसते कोन? तू आन् मी. त मंग दुसऱ्या कोनाची सही करू?" आणि त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. त्यांनी कोणाच्या नावाची नक्कल केली नाही. नावाआधी 'प्रा.' लावले नाही. त्यानंतर प्रत्येक महिन्याच्या हजेरीपटावर त्यांची सही आहे आणि त्याखाली मा. प्राचार्यांची सही व शिक्का आहे. दोन्ही सत्रांच्या परीक्षा मी दिल्या.

९. जुलै २०२५ मध्ये माझा चौथ्या सत्राचा निकाल राखीव ठेवण्यात आला. अध्यापक म्हणून सही करणाऱ्या व्यक्तीचे नाव शिपाई संवर्गात आढळल्याने चौकशी लागली. समितीने मला प्रपत्र दिले. त्यात एक प्रश्न होता : "श्री. पोटावी यांनी आपणांस अध्यापन केले काय? होय / नाही. लागू नसेल ते खोडावे."

मी ते प्रपत्र चार दिवस दप्तरात घेऊन फिरले. होय लिहिले तर शिपायाने अध्यापक असल्याचे भासविले, असा अर्थ होतो. त्यांची नोकरी जाते आणि अनधिकृत व्यक्तीची म्हणून माझी हजेरीही रद्द होते. नाही लिहिले तर तासिका झालीच नाही, मी खोटी हजेरी लावली, असा अर्थ होतो आणि चार परीक्षांची बंदी येते. मी तिसरा अर्ज केला की, मला दोन ओळी लिहिण्यासाठी जागा द्यावी. प्रपत्राच्या नमुन्यात बदल करता येत नाही, असे उत्तर मिळाले. ते प्रपत्र माझ्याकडेच कोरे राहिले.

१०. दि. ११ ऑगस्ट रोजी मला मा. प्राचार्यांच्या दालनात बोलावण्यात आले. माझे वडील मूल या गावच्या राईस मिलमध्ये कामाला असतात. त्यांना फोन करून बोलावून घेतले होते. ते सकाळच्या गाडीने आले आणि मिलच्या कोंड्याने भरलेले कपडे झटकून खुर्चीच्या कडेवर बसले. टेबलावर निवेदन टाईप करून ठेवलेले होते. त्यात लिहिले होते : "सदर स्वाक्षऱ्या शिपाई श्री. पोटावी यांनी माझ्या अपरोक्ष व माझ्या नकळत केल्या असून त्यांनी मला कधीही, कोणत्याही प्रकारे, काहीही शिकविलेले नाही."

मी म्हणाले, सर, हे असे झालेले नाही. मा. प्राचार्य म्हणाले की, कोणाचे वाईट व्हावे असे त्यांनाही वाटत नाही, परंतु विद्यार्थिनीची दिशाभूल झाली असे दिसले तर विद्यार्थिनी वाचते, महाविद्यालयाची मान्यता वाचते आणि विषयही टिकतो. इंदुताई कपाटाजवळ उभ्या होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

वडिलांनी मला बाहेर नेले. माझ्या वडिलांनी आजवर मला खोटे बोलायला सांगितलेले नाही, तरी त्यांचे त्या दिवशीचे शब्द जसेच्या तसे लिहिते. ते म्हणाले, "त्याची नोकरी दोन-अडीच महिन्याची रायली. तुजं अख्खं आयुष्य पडलं आहे. टाईप त्याइनं केलं, तुले फक्त सही मारायची आहे." मी म्हणाले, "बाबा, त्याइनं शिकवलं मले." त्यांनी बाहीवर राहिलेला कोंडा झटकला. मग म्हणाले, "मले मालूम आहे. तूच त सांगत होतीस घरी." आणि त्यांनी खिशातला पेन काढून दिला.

मी आत जाऊन सही केली. सही करताना ते वाक्य मी पूर्ण वाचले होते. मला न वाचता सही करायला लावली असे मी म्हणू शकत नाही.

११. दि. १८ ऑगस्ट रोजी माझा निकाल जाहीर झाला. मी उत्तीर्ण आहे. दि. १९ ऑगस्ट रोजी मुखरूभाऊंना निलंबित करण्यात आले.

त्या रविवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे विहारात गेलो. आई पुढे बसली होती. पंचशील म्हणताना खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे चौथे शील आले आणि माझा आवाज थांबला. बाकीचे म्हणत राहिले. आईने वळून पाहिले. घरी आल्यावर ती म्हणाली, "जाऊन ये त्याच्याकडे."

मी दुपारी त्यांच्या गावी गेले. मुखरूभाऊ बांधावर होते. त्यांच्या पत्नी सुकरीबाई यांनी मला आत बसवले, मक्याचे भाजलेले कणीस हातात दिले आणि त्यांना हाक मारली. मला वाटले होते ते बोलणार नाहीत. ते हात धुऊन आले, समोर बसले आणि म्हणाले, "मले राग नाई पोरी. नोकरीचं काय, ते त संपूनच राह्यली होती. पन एक गोष्ट सांग. त्या कागदात लिहून आहे का मी तुले कधीच काईच शिकवलं नाई. साहेबानं वाचून दाखवलं मले. ते खरं आहे का? मले आतापर्यंत वाटत होतं का, थोडंसं त शिकवलं."

महोदय, कणीस हातात तसेच राहिले. सुकरीबाई त्यांच्या बोलीत त्यांना काही तरी रागाने म्हणाल्या. त्यातले बरेचसे मला कळले, आणि ते मला कोणामुळे कळत होते हेही त्या क्षणी लक्षात आले. मी तशीच उठून आले.

१२. दुसऱ्या दिवशी मी निवेदन परत मागण्यासाठी महाविद्यालयात गेले. इंदुताई म्हणाल्या, "आवक झालेला कागद परत जात नाई वो. तुजा नाई, माजा बी नाई." विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत केंद्रास मी तीन वेळा दूरध्वनी केला. पहिल्यांदा सांगण्यात आले की, निवेदन मागे घेण्याचा अधिकार ज्याचा निकाल राखीव आहे अशाच विद्यार्थ्यास असतो. माझा निकाल त्या निवेदनामुळेच जाहीर झाला आहे. दुसऱ्यांदा सांगण्यात आले की, आधी निकाल रद्द करून घ्यावा. तिसऱ्यांदा सांगण्यात आले की, उत्तीर्ण विद्यार्थिनीचा निकाल तिच्या विनंतीवरून रद्द करण्याची तरतूद नाही, मात्र तिने खोटे निवेदन दिल्याचे सिद्ध झाल्यास तो रद्द होऊ शकतो, आणि ते सिद्ध करण्याचा अर्ज महाविद्यालयामार्फतच यायला पाहिजे. महाविद्यालय असा अर्ज पाठवणार नाही, कारण निवेदन महाविद्यालयातच टाईप झालेले आहे. म्हणून हा अर्ज मी थेट आपणाकडे पाठवीत आहे. तो योग्य मार्गाने आलेला नाही याची मला जाणीव आहे. योग्य मार्गाच्या टोकापर्यंत मी जाऊन आले आहे.

१३. सध्याची परिस्थिती अशी. निकाल जाहीर झाल्यावर मला पाचव्या सत्रात प्रवेश मिळाला. नियमानुसार भाषाशास्त्र अजूनही सोडता येत नाही. मुखरूभाऊंच्या जागी कोणी नेमलेले नसल्याने खोली क्रमांक नऊ उघडली जात नाही. त्यामुळे या सत्रातील माझी हजेरी आजपर्यंत शून्य आहे.

निलंबनाच्या काळात मुखरूभाऊंना रोज महाविद्यालयात येऊन हजेरी द्यावी लागते. ते साडेदहाला सही करतात आणि पाच वाजेपर्यंत सूचना फलकाखालच्या बाकावर बसतात. किल्ल्यांना हात लावायचा नाही, घंटा द्यायची नाही, आवार सोडायचे नाही, असा आदेश आहे. एकतीस वर्षे त्या व्हरांड्यात त्यांना बसलेले कोणी पाहिले नव्हते. येता-जाता मुले पाहतात. घंटा आता इंदुताई देतात. कधी दहा मिनिटे उशीर होतो, तेव्हा मुखरूभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात आणि मान खाली घालतात. दि. ३१ ऑक्टोबर रोजी त्यांची सेवानिवृत्ती आहे. तोवर आदेश मागे न घेतल्यास ते निलंबित म्हणूनच घरी जातील.

पहिले पंधरा दिवस मी त्या बाकासमोरून खाली पाहून जात होते. दि. ९ सप्टेंबर रोजी १२.३० वाजता मी तेथे गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुमी विचारलं त्याचं उत्तर द्याचं रायलं. शिकवलं. थोडंसं नाई, बहुत शिकवलं." त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "कोनता धडा चालू आहे आता?"

तेव्हापासून आमची तासिका बाकावर होते. ही माहिती कोणी माझ्याविरुद्ध आपणास कळवण्याआधी मीच कळवीत आहे. या तासिकेचा हजेरीपट नाही आणि त्यावर कोणाची सही मागू नये.

१४. माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत. माझे दि. ११ ऑगस्टचे निवेदन खोटे आहे असे धरून ते रद्द करावे. चौथ्या सत्राची मूळ गुणपत्रिका सोबत परत पाठवीत आहे. तिचे काय करायचे ते आपण ठरवावे, आणि खोट्या निवेदनाबद्दल व सहीसाठी हजेरीपट पुढे केल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी. वडिलांना मी हे सांगितले आहे. ते फोनवर "बरं" म्हणाले.

श्री. मुखरू पोटावी यांचे निलंबन ३१ ऑक्टोबरपूर्वी मागे घ्यावे. मी त्यांनी शिकविले असे म्हणते, म्हणजे त्यांच्यावरचा आरोपच सिद्ध करते, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. त्यावर माझे म्हणणे इतकेच आहे की, एखाद्याला काही शिकवणे आणि अध्यापक म्हणून नेमणूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रपत्रात त्या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला आहे आणि आम्ही दोघेही त्या एका शब्दात अडकलो आहोत. मुखरूभाऊंनी आपण अध्यापक आहोत असे कधीही, कोणालाही सांगितले नाही. त्यांनी स्वतःचे नाव लिहिले, कारण ते तेथे होते. त्या रकान्यात लिहिण्यासाठी दुसरे कोणतेही नाव उपलब्ध नव्हते, आणि ते उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शिपायाची नव्हती.

शेवटची विनंती लहान आहे. आपण जो काही आदेश काढाल, तो त्यांना कोणीतरी सोप्या शब्दांत वाचून दाखवावा, आणि त्या वेळी मला तेथे हजर राहू द्यावे.

आपल्या निर्णयाकडे लक्ष लावून असलेली, आपल्या विद्यापीठाची विद्यार्थिनी,

(सही)
संघप्रिया अश्वजित उंदिरवाडे
पिपरबोडी, दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) चौथ्या सत्राची मूळ गुणपत्रिका.
२) ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातील हजेरीपटांच्या छायाप्रती.
३) चौकशी समितीचे प्रपत्र. "नाही" हा शब्द आता खोडला आहे.

प्रत माहितीस्तव : श्री. मुखरू दसरू पोटावी, शिपाई (निलंबित). हा अर्ज टपालात टाकण्यापूर्वी आज दुपारी मी त्यांना बाकावर बसून पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी त्यांच्या बोलीतल्या एका शब्दाची दुरुस्ती सांगितली आणि तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. दुरुस्ती केली आहे.